चघळलेला पदर

दुसऱ्यांच्या मळक्या कपड्यांची मला कधीच किळस वाटली नाही. आम्ही परीट. अख्ख्या गल्लीचा मळ आमच्या ओट्यावरून जायचा आणि त्याच ओट्यावर बसून मी भाकरी खाल्लेली आहे. घामट बनियन, लहान पोरांची आंबूस झबली, तंबाखूनं पिवळा पडलेला खिसा, गळवाचा पू लागलेलं धोतर, यातलं काही बघून माझा घास अडला नाही. मला किळस येते ती सिनेमातल्या मळाची. पडद्यावर एखादी गरीब बाई येते, तिच्या नव्याकोऱ्या साडीवर कुणीतरी चहाचं पाणी शिंपडून वर राखेचा हात फिरवलेला असतो, आणि इकडे मी तोंड फिरवते. नात म्हणते, आजी, तुझ्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे शिक्षा आहे. असेल. मी माणसं बघतच नाही, कपडे बघते. ही खोड आणि ही चीड कुठून आली ते एकदाचं लिहून टाकते, कारण ज्या बाईसाठी इतकी वर्षं तोंड मिटून बसले ती मागच्या वर्षी गेली.

आमचं घर नाशकात पंचवटीत, गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून, हाकेच्या अंतरावर. पुढच्या खोलीत लाँड्री, मागच्या खोलीत आम्ही तिघं: अण्णा, आई आणि मी. सकाळी जाग यायची ती अण्णा इस्त्रीतली राख झाडायचे त्या आवाजानं. मग कोळसे फुलायचे, आणि अण्णा तोंडात पाणी धरून कपड्यावर फुर्र करून फवारायचे. गिऱ्हाईक समोर असलं की तांब्यात बोटं बुडवून शिंपडायचे, गिऱ्हाइकाची पाठ वळली की पुन्हा फुर्र. घरभर धुण्याच्या सोड्याचा वास, साबुदाण्याच्या खळीचा वास, आणि त्यातच आईच्या शेंगोळ्यांना लसणाची फोडणी बसलेली. चुलीवर खळीचं पातेलं आणि कालवणाचं पातेलं शेजारी शेजारी असायचं. एकदा मी कॉलेजच्या घाईत खळीतच मीठ-तिखट टाकलं होतं. त्या दिवशी अण्णांनी काही न बोलता खळ ओतून दिली आणि आई मात्र आठवडाभर मला, काय गं, आज सदऱ्यांना चव कशी आलीय, असं विचारत राहिली. ती निफाडकडची. बोलण्यात मऊपणा नाही, पण हाताला एवढी निगुती की तिनं पिळलेल्या कपड्याला सुरकुतीसुद्धा विचारून पडायची.

कपडा हातात आला की माणूस कळतो, हे मला कुणी शिकवलं नाही. रोज हात फिरवून फिरवून कळायला लागलं. विडी सोडली म्हणून बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेल्या माणसाच्या खिशाच्या शिवणीत चुरा सापडायचा. सून कशी आहे हे सासूच्या तोंडून ऐकायची गरजच नसायची, सुनेच्या परकराला पुढून गुडघ्याजवळ भोकं आणि सासूच्या लुगड्याला मागून बसून बसून चकाकी, झालं. मी मोठ्या उत्साहानं म्हणायचे, अण्णा, हे बघा. अण्णा मान वर न करता म्हणायचे, घडीत घाल. एवढंच. जे दिसलं ते कपड्याच्या घडीत घालायचं, वर इस्त्री फिरवायची आणि ज्याचं त्याला परत द्यायचं. आमच्या घरात ‘घडीत घाल’ याचा अर्थच गप्प बस असा झाला होता. पाहुण्यांपुढे मी जास्त बोलायला लागले तरी आई आतून म्हणायची, विमल, घडीत घाल.

आमच्या मागच्या भिंतीला भिंत लागून कुमुदकाकूंचं घर. काकू आणि त्यांचे यजमान भास्करराव, दोघंच. भास्करराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. अख्ख्या गल्लीत एवढा स्वच्छ माणूस नव्हता. पांढरे बुशशर्ट, बाहीची कड अशी की हात लागला तर कापेल, आणि रुमाल आठ घड्यांचा. सात झाल्या, नऊ झाल्या की ते हसून रुमाल परत पाठवायचे. बोलणं अगदी हळू. अण्णांना अहोजाहो करायचे, दर महिन्याला त्र्यंबकेश्वरला जाऊन आले की आमच्याकडे प्रसादाची पुडी यायची. त्यांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात काकूंच्या साड्या असायच्या आणि प्रत्येक साडीच्या पदराचं एक टोक चघळलेलं असायचं. दोरे सुटलेले, उसाच्या चोथ्यासारखं पिंजलेलं. साडी दुसरी असली तरी टोक तेच. संध्याकाळी कधीतरी त्यांच्याकडचा रेडिओ एकदम मोठा व्हायचा. मग आईचा भाकरी थापायचा हात थांबायचा, आणि जरा वेळानं ती पुन्हा थापायला लागायची, आधीपेक्षा जोरात. एकदा दिवेलागणीला मी दोन्ही घरांच्या बाजूच्या बोळातल्या दोरीवरचे कपडे काढायला गेले तेव्हा त्यांचं मागचं दार अर्धवट उघडं होतं. काकू मोरीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या, पदराचा बोळा दातांत घट्ट धरलेला. भास्करराव समोर उभे राहून रुमालानं एकेक बोट पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी रुमाल पुन्हा त्याच आठ घड्यांत दुमडला आणि खिशात ठेवला. मी घरात येऊन आईला सांगितलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. परातीतलं पीठ सारखं करत म्हणाली, घडीत घाल.

त्याच हिवाळ्यात सिनेमावाले आले. त्र्यंबक रस्त्यानं पुढे एका खेड्यात त्यांचं शूटिंग चालू होतं, मंडळी नाशकात लॉजवर उतरलेली, आणि त्यांच्या कपडेपटाचं इस्त्रीचं काम अण्णांना मिळालं. कपडेपट म्हणजे नटनट्यांचे कपडे सांभाळणारी माणसं. एक दिवस अण्णा आत्याकडे गेलेले असताना चार साड्यांचं गाठोडं आलं. वर चिठ्ठी होती, ‘फक्त इस्त्री’. आईला अक्षर ओळखू यायचं नाही, आणि चिठ्ठी वाचायची तिला गरजही वाटली नाही. गाठोडं सोडून बघते तर चारही साड्या एकीपेक्षा एक घाण. दुसरा कुणी असता तर त्यानं निदान विचारलं असतं. पण परटिणीला मळकी साडी दिली आणि ती म्हणाली धुऊ का, असं कुठं होतं का? एवढ्या मळावर इस्त्री फिरवून परत दिली तर लोक आपल्या तोंडावर थुंकतील, असं म्हणून आईनं चारही साड्या भट्टीत घातल्या, गंगेवर नेऊन आपटल्या, नीळ दिली, खळ दिली. मी कॉलेजातून आले तेव्हा त्या दोरीवर अशा फडफडत होत्या की नवरीच्या रुखवतात ठेवाव्यात.

कपडेपटाच्या मुख्य रोहिणीताई संध्याकाळच्या आत गाडी घेऊन हजर झाल्या. मुंबईच्या, केस कापलेल्या, खांद्याला झोळी. दोरीकडे बघितलं आणि ओट्यावर मटकन बसल्या. त्यांच्या बोलण्यातून कळलं ते असं, की त्या चार साड्या म्हणजे एकच साडी होती. सिनेमातली बाई सुरुवातीला टापटिपीची असते, मग तिचं हळूहळू मातेरं होत जातं, आणि ते तोंडानं न सांगता साडीवरून दिसावं म्हणून एकसारख्या चार साड्या आणून त्यांनी चार पायऱ्यांचा मळ लावला होता. आठ दिवस खपून. आणि उद्या सकाळी तिसऱ्या पायरीचं शूटिंग होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “चार साड्या कशाला लागत्यात बाई? एकच नेसवायची आन् चार महिने काम करून घ्यायचं. आपोआप मळंल.”

मला हसू आलं, पण रोहिणीताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणाले, मी परत मळवून देते. आणि वर जीभ राहिली नाही म्हणून हेही सांगितलं की तुमचा मळ खोटाच होता. काठाला सगळीकडून सारखा, जसं काही बाई चिखलात उभी करून बाहेर काढली. राबणाऱ्या बाईची साडी अशी मळत नाही हो. डोक्यावरून पदर घेणारी असेल तर तिथं आधी तेलाचा पट्टा उमटतो. हात पुसते ती जागा ठरलेली असते, उजव्या बाजूला, मांडीच्या जरा वर. गुडघ्यावर कापड विरतं. पाठ बिचारी शेवटपर्यंत बरी असते, कारण पाठीला काम नसतं. रोहिणीताईंनी झोळीतून वही काढली. मी तिथंच बसून चारही साड्या मळवल्या. चुलीची काजळी घेतली, खोबरेल घेतलं, बटाट्याचं पाणी घेतलं, विटेनं गुडघे घासले. आई ओट्यावरून उठून आत गेली. जाताना म्हणाली, धुवायच्या हातानं मळवतीस, शोभतं का हे. मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटलं. आता वाटतं, शी, त्या दिवशी त्या घरात शहाणं माणूस एकच होतं.

मग चारपाच दिवस रोहिणीताई रोज यायला लागल्या. माझ्याशी बोलायच्या, माझं ऐकायच्या, लिहून घ्यायच्या. एकोणीस वर्षांची परटाची पोरगी मी, मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि इथं मुंबईची बाई माझा शब्द न् शब्द वहीत टिपून घेतेय. मी चढले. अक्षरशः चढले. एक दिवस त्या म्हणाल्या, या बाईचा नवरा हिला मारतो, पण मारहाण पडद्यावर दाखवायची नाहीये. लोकांना कपड्यांवरून कळलं पाहिजे. काय करशील?

मी सांगितलं. एका दमात सांगितलं. पदराचं टोक सांगितलं, नवऱ्याचे पांढरेशुभ्र शर्ट सांगितले, आठ घड्यांचा रुमाल आणि एकेक बोट पुसणं सांगितलं. मारकुटा नवरा मळका नसतो, त्याला सगळ्यात स्वच्छ ठेवा, हेही माझंच. नाव घेतलं नाही, एवढीच काय ती अक्कल. आणि टोक कसं दिसतं ते त्यांना नीट कळेना म्हणून मी शूटिंगहून इस्त्रीला परत आलेल्या तिसऱ्या साडीचा पदर उचलून तोंडात घातला आणि चावून, चघळून, पिंजून दाखवला. सोड्याची खारट चव, काजळीचा कचकचाट, दाढेत अडकलेला दोरा, सगळं मला आजही तोंडात येतं. रोहिणीताई म्हणाल्या, तू हिरा आहेस. काकूंच्या जिवावर मी हिरा झाले. त्या वेळी काकू भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होत्या, सुपाचा आवाज येत होता.

सिनेमा लागला तो वर्षभरानं. आमच्या लाँड्रीतले कपडे म्हणून सगळी गल्ली तीनच्या खेळाला लोटली. भास्करराव काकूंना घेऊन आले होते, आमच्यापुढे दोन रांगा सोडून. पडद्यावर माझी तिसरी साडी आली तेव्हा मी आईला कोपर मारलं. नटीनं पदर दातांत धरला, टोक पिंजलेलं दिसलं. मग तो स्वच्छ कपड्यांतला नवरा आला आणि त्यानं रुमाल काढून सावकाश एकेक बोट पुसलं, आठ घड्या घातल्या. उकडत होतं म्हणून की काय, भास्कररावांनी खिशातून आपला रुमाल काढला होता. तो त्यांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो परत खिशात ठेवला आणि मान वळवून काकूंकडे बघितलं. सिनेमाभर ते पडद्याकडे बघतच नव्हते. शेवटी पडद्यावरची बाई पदर कमरेला खोचून उंबऱ्याबाहेर पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या. काकूंनी पदर मुठीत धरला होता आणि त्या भास्कररावांच्या मागून खाली मान घालून बाहेर पडल्या. मागच्या महिन्यात नातीनं त्याच सिनेमाचा तोच तुकडा मला मोबाइलवर दाखवला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, पदर चघळण्याचा बारकावा काय अप्रतिम टिपलाय. मला उठून मोरीत जावं लागलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी रेडिओ मोठा व्हायला लागला. चौथ्या दिवशी दुपारी काकू लाँड्रीत आल्या. एकट्या त्या कधी यायच्या नाहीत. हातात कपडे नव्हते. अण्णा बाजूला शर्ट घडी करत होते, मी इस्त्रीवर होते. काकूंनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, तरी डाव्या डोळ्याखालचं दिसायचं ते दिसत होतं.

“विमल, मी तुला कधी काही बोलले का गं?” त्यांनी विचारलं.

“नाही काकू.”

“यांना वाटतंय मीच त्या सिनेमावाल्या बाईजवळ जाऊन रडले. मी तर तिला बघितलंसुद्धा नाही. तू एवढंच येऊन सांगशील का यांना? मी बोलले नाही म्हणून. बाकी काही नको.”

मी येते म्हणाले. त्या गेल्या. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही की तू का सांगितलंस. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि मी काय केलं? मी गेले नाही. त्या माणसाच्या समोर उभं राहायची मला भीती वाटली. पाच वाजले, साडेपाच वाजले, मी आपली एकाच उशीच्या अभ्र्यावर इस्त्री फिरवत बसले. अण्णांनी मला एकदा विचारलं, जातेस का. मी मान खाली घातली. तेव्हा त्यांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि वळसा घालून मागच्या घरी गेले.

अर्ध्या तासानं परत आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. आईला म्हणाले, हात जोडून सांगून आलो की पोरगी वाह्यात आहे, सिनेमे बघून मनाचंच रचलं तिनं, तुमच्या घरात असं काही नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. भास्करराव हसले म्हणे. पोरं आहेत, चालायचंच, म्हणाले, आणि वर पेढे दिले. माझे अण्णा, ज्यांनी आयुष्यात कुणापुढे वाकून उभं राहायचं काम केलं नाही, ते त्या माणसापुढे हात जोडून खोटं बोलून आले होते, आणि तेही माझ्यामुळे. आईनं पुडा उचलला आणि दारातल्या गाईपुढे ठेवला. गाईनं कागदासकट खाल्ला. त्या संध्याकाळी रेडिओ लहान होता, बातम्या लागलेल्या आम्हाला कळल्या पण शब्द कळले नाहीत. आई भाकरी थापत होती.

मला आता विचाराल तर दोन्ही गोष्टींची सारखीच किळस येते. जिथं तोंड उघडायचं नव्हतं तिथं मी मिरवायला म्हणून भडाभडा बोलले. आणि जिथं बोलायला हवं होतं तिथं आम्ही तिघांनी काय केलं? गल्लीत मोठी माणसं होती, काकूंचे भाऊ सिन्नरला होते, एसटीनं तासाभराचा रस्ता. पोस्टकार्ड टाकलं असतं तरी पोचलं असतं. कपड्यांवरून सगळं वाचता येतं म्हणून मी स्वतःला फार हुशार समजत होते, आणि वाचून झाल्यावर काय करायचं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. सिनेमातल्या बाईला निदान उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडणारं कुणीतरी होतं.

पंधरा दिवसांनी मागच्या घरचा गठ्ठा नेहमीसारखा आला. बुशशर्ट, रुमाल, अभ्रे, दोन साड्या. मी साडी उलगडली आणि पदराचं टोक शोधलं, सवयच होती. टोक नव्हतं. काकूंनी तेवढा तुकडा कात्रीनं सरळ कापून काढला होता आणि वर बारीक हातशिलाई घातली होती, टाका दिसणार नाही अशी. दुसऱ्या साडीलाही तसंच. आता कुणी कितीही बघितलं तरी काही सापडलं नसतं. मला सुटल्यासारखं वाटलं. थांबलं बहुतेक, असं मनात म्हणत मी अभ्रा घेतला, झटकला, फळीवर पसरला. अभ्र्याचं एक टोक चघळलेलं होतं. दोरे सुटलेले, उसाच्या चोथ्यासारखं पिंजलेलं, अजून थोडं ओलसर.

अण्णा समोरच बसले होते. त्यांनी ते बघितलं, आणि मी बघितलेलंही बघितलं. मी टोक आत दुमडलं, वर इस्त्री फिरवली, घडी घातली, आणि त्यावर दुसरी घडी घातली.

अण्णा म्हणाले, “आता शिकलीस.”

आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.